गेटवर ओलावा मोजता, रोलरवर का मोजत नाही?

प्रति,
अध्यक्ष तथा व्यवस्थापकीय संचालक,
भारतीय कापूस महामंडळ, सीबीडी बेलापूर, नवी मुंबई
आणि राज्यात कापूस खरेदीचं काम पाहणारे सर्व अधिकारी

विषय: जिनिंगच्या (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या) आत रुईचं, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाचं, जे होतं त्याबद्दल

महोदय,

मी जिन फिटर आहे, म्हणजे सरकी काढायच्या मशिनी जुळवणारा. हिंगणघाट, वणी, पांढरकवडा या पट्ट्यात 31 हंगाम डबल रोलर मशिनी खोलल्या, बसवल्या, पुन्हा खोलल्या. शिक्षण दहावी नापास. पण रुई हातात घेतली की ती कोणत्या महिन्यात, किती घाईत निघाली हे मी सांगू शकतो. पत्र लिहायची सवय नाही, म्हणून काही इकडचं तिकडे झालं तर सांभाळून घ्या.

तुमचं खरेदी केंद्र बहुतेक वेळा जिनिंगच्याच आवारात असतं. शेतकऱ्याची गाडी आत येते, ग्रेडर कापसात कोपरापर्यंत हात घालतो, कवडी (किडका, नीट न फुललेला कापूस) किती, पत्ती किती ते बघतो, मग मॉइश्चर मीटर खुपसतो. ओलावा आठ टक्क्यांच्या आत असेल तर पूर्ण भाव. आठच्या वर गेलं की भाव उतरतो, बाराच्या वर गेलं की गाडी परत. त्या छोट्या काचेवरचा आकडा बघताना शेतकऱ्याचा चेहरा कसा होतो, ते मी 20 फुटांवरून कितीदा तरी पाहिलं आहे. हा नियम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. ओला कापूस ढिगात तापतो, पिवळा पडतो, पाण्याच्या वजनाचे पैसे सरकारनं का द्यावेत?

माझं म्हणणं एवढंच आहे की तो मीटर गेटवरच थांबतो. तिथून 100 पावलांवर आमच्या मशिनी आहेत, आणि तिथं तो आजवर कुणी आणलेला मला आठवत नाही. 31 हंगामांत मालक, मॅनेजर, तपासणीला येणारे साहेब, सगळ्यांनी मला दोनच प्रश्न विचारले. उतारा (कापसातून निघालेल्या रुईचं प्रमाण) किती आला? गाठी किती झाल्या? तंतू किती तुटला हे कुणीच विचारलं नाही.

साहेब लोकांपैकी किती जणांनी डबल रोलर उघडी पाहिली आहे ते मला माहीत नाही, म्हणून थोडं सांगतो. चामड्याच्या गोल चकत्या एका दांड्यावर घट्ट दाबून बसवलेल्या असतात, तो रोलर. असे दोन, एकमेकांच्या उलट फिरणारे. प्रत्येक रोलरला एक स्थिर सुरी टेकलेली असते. वरून कापूस पडतो, चामड्याचा खरखरीतपणा तंतूला धरतो आणि सुरीखालून ओढून नेतो. सरकी मात्र जाड, ती सुरीच्या धारेशी अडते. तेवढ्यात दुसरी, वरखाली हलणारी सुरी त्या सरकीला टोले मारते आणि तंतूपासून सोडवते. सरकी जाळीतून खाली, रुई पलीकडे. शंभर किलो कापसात चौतीस-पस्तीस किलो रुई, बाकी सरकी आणि थोडी घट. सगळा धंदा या एका ओढाताणीवर उभा आहे.

या ओढाताणीत तंतू दोन ठिकाणी सुटू शकतो. एक, सरकीला जिथं चिकटलेला असतो तिथून. हे बरोबर. दोन, मधेच तुटून. हा आखूड तुकडा रुईत जातो, गाठीत जातो, वजनात मोजला जातो, आणि सूतगिरणीत कोंबरवर (तंतू विंचरणाऱ्या मशीनवर) कचरा म्हणून बाहेर पडतो किंवा सुतात राहून सूत कच्चं करतो. तंतू मुळाशी सुटणार की मधे तुटणार, हे त्याच्या दमावर आहे. आणि कापसाच्या तंतूचा दम ओलाव्यावर आहे. ओलसर कापूस कोरड्यापेक्षा मजबूत असतो. घरात सुती कपडा वाळून कडक झाला की कसा लागतो आणि दमट असताना कसा लागतो, तेच. जिनिंगच्या वेळी कापसात 6 ते 8 टक्के ओलावा असावा असं तज्ज्ञ सांगतात. नोव्हेंबरमध्ये तो जास्त असतो, तेव्हा रोलर चोंदतात आणि रुईचे गुच्छे येतात. ते दिसतं, म्हणून त्यावर ओरड होते. मार्चमध्ये तो कमी असतो, आणि ते दिसत नाही.

मार्च-एप्रिलचा विदर्भ तुम्हाला सांगायला नको. ढीग उघड्यावर, पारा 40च्या पुढे, वारा भट्टीतून आल्यासारखा. त्या ढिगातला वरचा कापूस मुठीत दाबला तर कुरकुरतो. तो रोलरवर आला की मशीनचा आवाज बदलतो, सुकलेला पाला तुडवल्यासारखा येतो. रुई हाताला, भुवयांना, पत्र्याला चिकटत राहते, अंधारात कधी कधी बारीक ठिणगी दिसते. आगी याच दिवसांत लागतात. अशा वेळी मी सहज म्हणून फीडरवरचा (रोलरवर कापूस सोडणाऱ्या भागावरचा) कापूस मीटरला लावून पाहिला आहे. साडेचार, पावणेपाच. म्हणजे ज्या शेतकऱ्याला डिसेंबरमध्ये साडेनऊ दिसले म्हणून पैसे कापले, त्याचाच कापूस तीन महिन्यांनी पाचच्या खाली वाळवून आम्ही फाडतो. त्याचे पैसे कुणाचेच कापले जात नाहीत.

आता यातली सगळ्यात हसू येणारी गोष्ट. सुकलेली रुई हलकी भरते. गाठ 170 किलोची व्हायला पाहिजे. मग काही ठिकाणी प्रेसच्या (गाठ दाबायच्या मशीनच्या) तोंडाशी माणूस पाइप घेऊन उभा राहतो आणि रुईवर पाणी मारतो. वजन परत येतं. मी कुणाचं नाव घेत नाही, आणि सगळेच करतात असंही नाही, पण या धंद्यातल्या कुणाला हे नवीन नाही. म्हणजे पाणी आम्ही देतोच. ते तंतू तुटून झाल्यावर देतो! तेच पाणी, त्याहून कमी पाणी, धुक्यासारखं बारीक करून मशीनच्या आधी कापसाला दिलं असतं तर तंतू वाचला असता. प्रेसवर मारलेल्या पाण्यानं तुटलेला तंतू जुळत नाही. उलट एका जागी ओल साठते, गाठीत बुरशी येते, रुईवर डाग पडतात. पाणी खर्च करायची तयारी आहे, फक्त जागा 50 फूट चुकली आहे. का चुकली? कारण प्रेसवर वजन मोजलं जातं आणि रोलरवर काहीच मोजलं जात नाही.

आता माझी स्वतःची एक चूक सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा दुसऱ्यांकडेच बोट दाखवतो.

2017चा मार्च. रोलर झिजून बारीक झालेले. नवा रोलर सात इंच व्यासाचा असतो, घासत घासत, ग्रूव्ह (खाचा) मारत मारत तो उतरत जातो. व्यास कमी झाला की त्याच फेऱ्यांत कमी चामडं फिरतं आणि उत्पादन पडतं. नवीन रोलरची ऑर्डर होती, माल येत नव्हता. पाळीला 80 गाठी व्हायच्या तिथं साठ-पासष्टवर आलो होतो. मॅनेजर म्हणाला, काहीही कर, आकडा दे. मी सुऱ्यांचा दाब वाढवला, हलत्या सुरीची बैठक जरा पुढे घेतली. रात्रीत आकडा आला. सकाळी सरकीच्या कन्व्हेयरवर हात फिरवला तर दर मुठीत पाच-सहा सरक्या फुटलेल्या. चामडं जळल्याचा वास. रुईत सरकीच्या टरफलाचे तपकिरी ठिपके, तंतूंच्या बारीक गाठी, आणि रोलरची काळी भुकटी. मी ती रुई बोटांवर ओढून पाहिली. कापूस 29 मिलिमीटरच्या पुढच्या लांबीचा होता, गेटवर मीच पाहिला होता. आता जुडीच्या टोकाला नुसती लव उरत होती.

त्या गाठी दक्षिणेतल्या एका गिरणीत गेल्या. महिन्याभरानं तक्रार आली की आखूड तंतू जास्त, नेप्स (त्याच तंतूंच्या बारीक गाठी) जास्त. ऑफिसात उत्तर ठरलं, यंदा या भागाचा कापूसच हलका आहे. त्याच आठवड्यात टपरीवर एक शेतकरी भेटला. त्याचा माल त्याच ढिगात होता. तो मला म्हणाला, "भाऊ, आमच्या गावाच्या कापसाले गिरण्या नाय म्हणतात म्हणे. बियाणंच बोगस निघालं वाटते." मी चहा घेत राहिलो. काय बोलणार होतो?

जिनिंग कापसाची लांबी वाढवू शकत नाही. शेतातून जी आली ती फार तर टिकवू शकते. माइक (मायक्रोनेअर, तंतूच्या बारीकपणाचं माप) शेतात ठरते, लांबी वाणावर आणि पाण्यावर ठरते. पण गाठीत ती किती उरली, आखूड तंतू किती, नेप्स किती, कचरा किती, हे आमच्या हातात आहे. आणि 2025-26 साठी सरकारनं मध्यम धाग्याला 7710 आणि लांब धाग्याला 8110 रुपये हमीभाव ठरवला. क्विंटलमागे 400 रुपयांचा फरक लांबीच्या नावानं आहे. ज्या लांबीसाठी सरकार 400 रुपये जास्त मोजतं, ती लांबी रोलरवर कुणी उधळली तर त्याचा हिशेब नको?

चामड्याचं निघालंच आहे तर तेही सांगतो. हे रोलर क्रोमनं कमावलेल्या चामड्याचे असतात. झिजतात म्हणजे कुठे जातात? थोडी भुकटी आमच्या छातीत, थोडी रुईत. ती क्रोमियमची भुकटी सुतात आणि कापडात पोचते म्हणून मुंबईच्या सिरकॉट या केंद्रीय संशोधन संस्थेनं रबर आणि सुती कापडाचा रोलर तयार केला. ही संस्था 1924 पासून कापसावरच काम करते आहे आणि तिचं नागपूरला जिनिंगचं प्रशिक्षण केंद्रही आहे. मी तो रोलर चालवून पाहिला आहे. सवय व्हायला वेळ लागतो, बसवताना जरा जास्त काळजी लागते, पण काळी भुकटी नाही. तरी मी काम केलं त्या बहुतेक जिनिंगांत अजून चामडंच आहे. जुनं चामडं चालतंय तोवर खर्च का करा, गाठीचा दर तर दोन्हीला तोच.

आमच्या लोकांना सांगितलं की चिडतात, पण डबल रोलर ही वाईट मशीन नाही. अमेरिकेत साध्या कापसाला सॉ जिन वापरतात. एली व्हिटनीनं 1794 साली पेटंट घेतलेल्या मशीनचीच ही पुढची पिढी. गोल करवतीचे दात तंतू ओरबाडून नेतात. वेग प्रचंड, पण तंतूला मार जास्त, नेप्स जास्त. आमची मशीन 1840च्या मॅकार्थी रोलर जिनच्या घराण्यातली. ती हळू आहे, ताशी पन्नास-साठ किलो रुई देते, मोठी जम्बो असेल तर जास्त, पण लांबी राखते. अमेरिकेतसुद्धा लांब धाग्याचा पिमा कापूस रोलरवरच काढतात. शिवाय त्यांचा कापूस यंत्रानं वेचलेला, पानाकाडीसकट. आमचा बायांनी हातानं वेचलेला. म्हणजे कापूस आमचा जास्त स्वच्छ, मशीन आमची जास्त मऊ. तरी ऑगस्ट 2025 मध्ये कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क उठलं तेव्हा गिरण्या बाहेरच्या गाठींकडे वळल्या. भावाचं कारण होतंच. पण बाहेरची गाठ उघडल्यावर आत काय निघेल हे आधी ठाऊक असतं, ही खात्रीही त्यात होती.

ती खात्री कुठून येते यावर मी बराच विचार केला आहे. तिकडे अमेरिकेत जिनवाला शेतकऱ्याचा कापूस विकत घेत नाही. काढून देतो. गाठ शेतकऱ्याची राहते, प्रत्येक गाठीचा नमुना सरकारी प्रयोगशाळेत जातो, आणि तो आकडा शेतकऱ्याच्या पैशाचा असतो. जिननं तंतू खराब केला तर पुढच्या वर्षी शेतकरी दुसऱ्या जिनकडे जातो. आमच्याकडे शेतकऱ्याचा संबंध काट्यावर संपतो. पुढं त्याच्या कापसाचं काय झालं हे त्याला कळत नाही, आणि त्या गाठीची बदनामी मात्र त्याच्या गावाच्या नावानं होते.

म्हणूनच हे पत्र तुम्हाला आहे, जिनिंग मालकांना नाही. तुम्ही खरेदी करता तेव्हा कापूस काट्यापासून गाठीपर्यंत तुमच्या मालकीचा असतो. जिनिंग तुमचं काम मजुरीवर करते. आमच्याकडे जिनवाल्याला जाब विचारू शकेल असा कापसाचा मालक एकच आहे, तो तुम्ही.

मशिनी बदला असं मी म्हणत नाही. 2000 साली कापूस तंत्रज्ञान अभियान आलं, त्यातून पुष्कळ जिनिंगांत काँक्रीटचे ओटे, कन्व्हेयर, प्री-क्लीनर, नवीन प्रेस आले. चांगलं झालं. पूर्वी कापूस मातीत पडायचा, टोपल्यांनी वाहायचा. पण मशीन नवी आणि हिशेब जुना, असं झालं. प्री-क्लीनर आला तर त्यातून दोनदा काढतात, स्वच्छ दिसावा म्हणून. कापूस ओढणाऱ्या हवेच्या पाइपाला तीन-तीन वळणं. प्रत्येक वळणावर कापूस पिळला जातो आणि बारीक गाठी धरतो. कचरा कमी झाला हे डोळ्यांना दिसतं, तंतू किती गेला ते दिसत नाही. म्हणून म्हणतो, आधी मोजा.

मोजायचं कसं ते सांगतो. तुमचा ढीग ग्रेडप्रमाणे लागतो. त्या ढिगातून पाच-सहा जागांचा मिळून किलोभर कापूस काढून सीलबंद ठेवा. सिरकॉटनं नमुन्यापुरतं छोटं जिन कधीच तयार केलं आहे. त्यावर तो सावकाश, योग्य ओलाव्यात काढा. जी रुई येईल ती शेतकऱ्याची खरी रुई. त्याच ढिगाच्या गाठीचा नमुना तुम्ही तपासायला पाठवताच. दोन्ही नमुने एकाच एचव्हीआय मशीनवर (तंतूची लांबी, मजबुती मोजणाऱ्या यंत्रावर) शेजारी शेजारी लावा. लांबी, आखूड तंतू, सारखेपणा. दोन आकड्यांत जी तफावत येईल ती जिनिंगची करणी. रोज नको, आठवड्यातून एकदा, न सांगता, पुरेल. आणि गाठीमागं जी मजुरी देता तिचा एक हिस्सा या तफावतीला बांधा. ज्याची तफावत कमी त्याला जास्त. पुढच्या हंगामात बघा, धुक्याची यंत्रं मालक स्वतः बसवतील, सबसिडीची वाट न बघता. मीच किती मालकांना सांगितलं, ऐकलं नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मीही ऐकलं नसतं, कारण त्यात मिळणार काय होतं?

दुसरं, गाठीवर आता क्यूआर कोड लागतो. चांगली गोष्ट आहे. त्यात आणखी दोन गोष्टी घाला. रोलरवर जाताना कापसाचा ओलावा किती होता, आणि रोलर चामड्याचा की रबराचा. ओलाव्यासाठी फीडरजवळ दर पाळीला दोनदा मीटर लावला तरी चालेल.

फिटरचंही जाता जाता. सुरीचा दाब, बैठक, ग्रूव्हची खोली हे सगळं आमच्या हातात, आणि आम्ही सगळे उस्तादाच्या शिव्या खात शिकलेलो. मीही तसाच शिकलो. नागपूरच्या प्रशिक्षणाला मालकानं पाठवलेला एकही फिटर माझ्या ओळखीत नाही. तुमच्याशी करार करणाऱ्या प्रत्येक जिनिंगमध्ये एक तरी प्रशिक्षित फिटर असावा, एवढी अट तुम्ही घालू शकता.

प्लास्टिक, सुतळी, केस, गुटख्याच्या पुड्या यावर तुमची पत्रकं येतात, भिंतीवर चिकटवतात, बरोबर आहे. त्यात एकच भर. खताच्या पोत्याचा वीतभर धागा ढिगात असतो तोवर बाई तो हातानं उचलू शकते. रोलरमधून गेला की त्याचे शंभर केस होतात आणि पांढऱ्यात पांढरे मिसळतात. ते दिसतात थेट कापड रंगवल्यावर. म्हणून वेचायला बसवलेल्या बायांची संख्या कमी करून खर्च वाचवणाऱ्यांकडे जरा लक्ष असू द्या.

काही मालक म्हणतील, एप्रिलमध्ये प्यायला पाणी नाही आणि हा फिटर कापसाला पाणी पाजायला निघाला. त्यांना माझं उत्तर, प्रेसवरचा पाइप बंद करा, तेवढं पुरतं.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात या. कुठल्याही केंद्रावर, न कळवता, दुपारी दोन ते चारच्या मधे. गाडी गेटवर सोडा, ग्रेडरकडचा तोच मीटर मागून घ्या आणि सरळ मशीन हॉलमध्ये चला. ढिगाजवळ थांबू नका. फीडरवरून मूठभर कापूस घ्या, मीटर लावा, आकडा कागदावर लिहा. मग प्रेसकडे जा आणि तिथली जमीन ओली आहे का तेवढं बघा.

आपला,
एक जिन फिटर
हिंगणघाट, जि. वर्धा